वाढत्या अंगाचे कपडे

१

गल्ली तिला टेलरबाई म्हणायची. घरात ती थोरली होती, पण तिला तसं म्हणणारं माणूस आता घरात उरलं नव्हतं. आपण थोरलीच म्हणू. निदान गोष्टीपुरतं तरी कोणीतरी म्हणायला हवं.

थोरलीचं माप कधी चुकलं असं कोणी सांगितलं असतं, तर गल्लीने त्यालाच वेड्यात काढलं असतं. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की तिची नजर खांद्यापासून पायापर्यंत एकदा फिरायची आणि काम तिथेच संपायचं. टेप गळ्यातून काढायची ती केवळ समोरच्या बाईचं समाधान व्हावं म्हणून. बायका टेप बघताच पोट आत ओढत, आणि थोरली ओरडे, "श्वास रोखू नका! मला खोटं माप नको. घरी जाऊन श्वास सोडाल, तेव्हा शिवण मला शिव्या देईल." तिच्या जिभेला हाड नव्हतं. तरी बायका तिच्याकडेच यायच्या, कारण तिने शिवलेला कपडा अंगावर चढला की माणूस थोडं ताठ चालू लागे.

सकाळी ती शटर वर करायची, मशिनवरून फडकं फिरवायची, तेलाचा एक थेंब सोडायची, खडूला धार काढायची. पुढे दुकान, मागे एक खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा, मधे एक दार. दुकानातला मोठा आरसा गेल्या थंडीपासून भिंतीकडे तोंड करून उभा होता. गिऱ्हाइकांनी विचारलं तर ती म्हणायची, "तडा गेलाय. आणि आरसा कशाला हवा? माझे डोळे फुटलेत का?" तडाबिडा काही गेला नव्हता. पण तो उलटा केला होता तो एकाच माणसासाठी, आणि ते माणूस गेल्यावर तो सुलटा करायला तिचा हात धजावला नव्हता.

हे सगळं रोजचंच. पहिलं वावगं काही कानावर आलं ते एका मंगळवारी, आणि तेही समोरच्या इस्त्रीवाल्याच्या तोंडून.

इस्त्रीवाला म्हणजे उंच, वाकलेला, विधुर माणूस. तिचे कपडे तो आठवड्याला न्यायचा आणि स्वतः आणून द्यायचा. त्या दिवशी गठ्ठा टेबलावर ठेवून तो घुटमळत उभा राहिला.

"टेलरबाई, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"रागावले तर काय, इस्त्री उलटी फिरवाल?"

"तुमच्या कपड्यांच्या कडा फार जाड झाल्यात हो. इस्त्री अडते. या करड्या ड्रेसच्या बगलेखाली तर एवढं कापड आत दुमडलंय की अजून एक माणूस मावेल. इतका कशाला आत घेतलात? आणि..." त्याने गठ्ठ्यावरची नजर वर उचलली. "बारीक झालात हो तुम्ही. फार."

"तुम्ही चष्मा बदला. हा बघा, अंगावर आहे तोही. कुठे लोंबतोय का? शिवला त्या दिवशी बसत होता तसाच बसतोय."

इस्त्रीवाल्याने बघितलं. ड्रेस खरंच चोख बसत होता. तो मान हलवत निघून गेला. थोरलीने हसत कात्री उचलली. हात वर केला तेव्हा मनगटावरचं घड्याळ घसरलं आणि थेट कोपरापाशी जाऊन थांबलं. कपडा आत घेता येतो, धातूचा पट्टा घेता येत नाही. ती घड्याळाकडे बघत राहिली आणि मग ते काढून खणात टाकलं.

२

धाकटी तिच्यापेक्षा पुष्कळ लहान. आई गेली तेव्हा धाकटीला बूट घालता येत नव्हते, आणि तेव्हापासून थोरलीच तिची आई, बाप आणि शिंपी. धाकटीचे सगळे कपडे वाढत्या अंगाचे. बाह्या दोनदा दुमडलेल्या, खाली घसघशीत दुमड, शिवणीत जास्तीच्या कापडाची भरपूर माया. "ताई, मला कधीतरी माझ्या मापाचं शिव ना गं," धाकटी रडायची. "पुढच्या वर्षी तुझ्याच मापाचं होईल," थोरली म्हणायची, आणि खरंच व्हायचं. थोरली पुढचं माप आधीच ओळखायची.

मोठी झाल्यावर धाकटी दुकानातच रमली. मशिनला ती घाबरायची. लहानपणी एकदा सुई बोटात गेली, तेव्हापासून तिने मशिनला पाय लावला नाही. पण हाताचं काम तिचं. ती डावरी होती. थोरलीने उजव्या हाताला वळण लावायला चापट्याही दिल्या, तरी सुई डाव्या हातातच जायची. त्यामुळे तिचे टाके उलट्या बाजूला झुकलेले असत. ती दोऱ्याला गाठ मारत नसे. "गाठ टोचते गं ताई," म्हणून एकाच जागी बारीक टाके घालून दोरा पक्का करायची, आणि कात्री शेजारी असली तरी तो दातांनीच तोडायची. दिवसभर तोंडाची टकळी चालू. गिऱ्हाइकांच्या नकला करायची, आणि थोरलीची नक्कल तर थोरलीसमोरच करायची: टेप गळ्यात, कंबरेवर हात, "श्वास रोखू नका!" त्या दोन खोल्यांत माणसं दोनच होती, पण घर भरलेलं वाटायचं.

मग तिला कॅन्सर झाला. पोटाचा. दवाखाने झाले, औषधं झाली, केस गेले, डोक्याला निळा रुमाल आला. धाकटीने ते सगळं हसण्यावारी नेलं. एकदाच तिचा धीर सुटला. आवडता निळा ड्रेस घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि तो तिच्या खांद्यांवरून असा लोंबला, की ती तिथेच खाली बसली. "ताई," ती म्हणाली, "मी संपत चाललेय गं. दिसतंय मला."

त्या दुपारी धाकटीला डोळा लागल्यावर थोरलीने आरसा भिंतीकडे फिरवला आणि निळा ड्रेस घेऊन बसली. बाजूच्या शिवणी आत घेतल्या. संध्याकाळी धाकटीने तो घातला, गोंधळली, मग स्वतःभोवती एक गिरकी घेतली. "अगं, बरोबर बसतोय!" तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून थोरलीने ठरवूनच टाकलं. तेव्हापासून धाकटी दुपारची झोपली की थोरली तिचे कपडे आत घ्यायची. सगळे. बाहेरचे, घरातले, झोपायचे. अंगाने एक बोट गमावलं की कपड्यानेही एक बोट गमवायचं. धाकटी उठायची, कपडे बदलायची आणि म्हणायची, "बरोबर बसतोय."

तिला कळलं होतं का? थोरलीला हा प्रश्न अजून छळायचा. शेवटी शेवटी एकदा धाकटी बाहीवरून हात फिरवत म्हणाली होती, "कापड चांगलं आहे हं ताई. इतकं धुतलं तरी सैल पडत नाही." आणि थोरलीकडे बघून हसली होती. ते हसू नुसतं हसू होतं की आणखी काही, ते थोरलीला नजरेने मोजता आलं नाही.

निळ्या ड्रेसमध्येच तिला पोचवलं. तोही बरोबर बसत होता.

३

इस्त्रीवाला गेल्यावर थोरलीने करडा ड्रेस घडीतून काढला आणि उलटा केला. काही विशेष नाही, म्हातारा बडबडतो, एवढंच बघायचं होतं.

बाजूच्या शिवणीवर तिने स्वतः घातलेली मशिनची टीप होती. तिच्या आत एक हातटीप होती, बारीक, सारख्या अंतराची. तिच्या आत आणखी एक. तिच्याही आत आणखी. शेतातल्या सऱ्यांसारख्या त्या ओळी एकामागून एक कापडात शिरत गेल्या होत्या. एकाही दोऱ्याला गाठ नव्हती, आणि सगळे टाके उलट्या बाजूला झुकले होते.

थोरलीने तो शांतपणे घडी करून ठेवला. मग कपाट उघडून सगळे कपडे बाहेर काढले. हिरवा ड्रेस, पांढरे ब्लाउज, घरातले गाऊन, थंडीचा जाड कोट. कोटाचं अस्तर उसवून आतून शिवण घेतली होती आणि अस्तर पुन्हा इतक्या सफाईने लावलं होतं, की दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं. ती जमिनीवर कपड्यांच्या ढिगात बसली. तिचं डोकं वकिलासारखं वाद घालत होतं.

हे मीच केलं असणार, ती म्हणाली. दुःखात माणूस काय काय करतं. दुपारी ग्लानीत उठले असेन, हाताला सवय होती, धाकटीचे कपडे समजून माझेच घेतले असतील. किंवा तिने जाण्याआधीच घेऊन ठेवले असतील. पण हिरव्या ड्रेसचं कापड तर धाकटी गेल्यानंतर आणलेलं. बरं मग, मीच. टाके उलटे का? डाव्या हाताने घातले असतील. का नाही घालणार?

तिने एक चिंधी घेतली, सुई डाव्या हातात धरली आणि टाका घालायला सुरुवात केली. सुई नखात शिरली. पुन्हा घातली, टाका लांबलचक पडला, पुढचा वाकडा, त्यापुढचा सुटलाच. बराच वेळ ती करत राहिली. शेवटी चिंधीवर जे उमटलं ते लहान पोराच्या पहिल्या अक्षरांसारखं होतं.

चिंधी तिने केरात टाकली. आपल्या मापाची तिला इतक्या दिवसांत आठवणही झाली नव्हती. ती बायकांना मोजायची, तिला मोजणारं कोण होतं?

४

दुपारी शटर अर्धं खाली ओढून थोरली मागच्या खोलीत आडवी व्हायची. तशी त्याही दुपारी झाली. मधलं दार तिने मुद्दाम थोडं उघडं ठेवलं. करडा ड्रेस दुकानात खुर्चीच्या पाठीवर होता.

गल्ली सुस्तावली होती. कुठेतरी नळ चालू होता, तो बंद झाला. थोरली छताकडे बघत पडली होती. नाही म्हटलं तरी कान दुकानाकडे होते. काही नाही. आपणच आपल्याला घाबरवून घेतोय, ती मनात म्हणाली, आणि कूस बदलली.

तेव्हा तो आला. फार बारीक आवाज. कापडातून दोरा ओढला जातो, त्याचा. सर्र. थोडी उसंत, मग पुन्हा. सर्र.

दुसरं कोणी असतं तर त्याची पाचावर धारण बसली असती. थोरलीच्याही अंगावर काटा आला, ती ताठ झाली, चादर मुठीत धरली. पण तो आवाज तिने वर्षानुवर्षं ऐकला होता. दुपारी ती पडायची आणि बाहेर धाकटी शिवत बसायची, त्या आवाजावर तिला झोप लागायची. आणि आता, भीतीच्या अगदी मधोमध, तिचे डोळे जड व्हायला लागले. तिला हे भीतीपेक्षा भयंकर वाटलं. उठायला हवं, बघायला हवं, असं म्हणता म्हणता ती झोपली. धाकटी गेल्यापासून इतकी गाढ झोप तिला लागली नव्हती.

जाग आली तेव्हा दुकानात कोणी नव्हतं. करड्या ड्रेसमध्ये आणखी एक ओळ आत शिरली होती. तो तिने अंगावर चढवला. बरोबर बसला.

आता खरं सांगायचं तर थोरलीने काय करायला हवं होतं? आरडाओरडा, इस्त्रीवाल्याला हाक, कुलूप, देव, डॉक्टर. यातलं तिने काही केलं नाही. दुसऱ्या दुपारी तिने हिरवा ड्रेस खुर्चीवर ठेवला. त्याच्या पुढच्या दुपारी पांढरा ब्लाउज. टेबलावरचा दिवा डावीकडून उचलून उजवीकडे ठेवला, कारण डाव्या हाताने शिवणाऱ्याच्या हातावर सावली पडू नये म्हणून तो तसा ठेवावा लागतो. सकाळभर ती गिऱ्हाइकांवर नेहमीसारखी खेकसायची आणि जेवणाची वेळ जवळ आली की तिला कामात चित्त लागायचं नाही. जेवणही जायचं नाही म्हणा. दोन घास झाले की पोटात काहीतरी आडवं आल्यासारखं व्हायचं. ताट बाजूला सारून ती आडवी व्हायची आणि वाट बघायची.

एवढे महिने त्या घरात तिने टाकलेला चमचा तिनेच उचलला होता. तिने बंद केलेलं दार तिनेच उघडलं होतं. सकाळी ठेवलेली वस्तू संध्याकाळी तिथेच सापडायची. एकटं राहणं म्हणजे हेच, आपल्याशिवाय घरात काही हलत नाही. आता काहीतरी हलत होतं, आणि त्याचा दोरा सर्र सर्र वाजत होता.

५

एक दिवस ती दुकानात उभ्या उभ्या कोसळली. इस्त्रीवाला धावत आला, त्याने तिला खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं. उचलताना त्याला तिचं वजन कळलं असावं. रिकामा पेला त्याने हळूच टेबलावर ठेवला.

"माझी बायको गेली ना," तो म्हणाला, "तेव्हा मी पण असंच म्हणत होतो, काही नाही, काही नाही. शेवटी कळून काय उपयोग झाला? टेलरबाई, मी हात जोडतो. डॉक्टरांकडे चला."

"कपडे तर बसतात हो मला," थोरली म्हणाली. आपलं वाक्य आपल्याच कानांवर पडलं आणि तिने अंगावरच्या कपड्याची शिवण चाचपली.

इस्त्रीवाला गेल्यावर तिने दुकान बंद केलं आणि उसवायला बसली. एकेक ओळ, एकेक टाका. दोरे मांडीवर साठत गेले. करडा ड्रेस पूर्ण मोकळा झाला तेव्हा तिने तो अंगावर घातला. मग भिंतीपाशी जाऊन, दोन्ही हातांनी धरून, तिने आरसा फिरवला.

आरशात पडद्यासारखा लोंबणारा एक ड्रेस उभा होता. त्याच्या गळ्यातून दोन हाडं वर आली होती आणि त्यावर तिचं तोंड होतं. ते खांदे तिने ओळखले. त्या खांद्यांवर तिने आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम केलं होतं.

"मला कळलं गं," ती मोठ्याने म्हणाली. "मला सगळं कळलं. आता नको शिवूस. मला बघू दे."

दुपारी आवाज आला नाही. दुसऱ्या दुपारीही नाही.

तोच लोंबणारा ड्रेस घालून ती डॉक्टरांकडे गेली. गल्लीच्या टोकाचे डॉक्टर, धाकटीला त्यांनीच आधी तपासलं होतं. त्यांनी पोट दाबून बघितलं. एका जागी त्यांचा हात थांबला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव एकदम पुसले गेले. थोरलीला ते पुसलेलं तोंड ओळखीचं होतं.

"तपासण्या करून घेऊ," ते म्हणाले. "लगेच. बरोबर घरचं कोणी आहे का?"

"आहे," थोरली म्हणाली, आणि म्हणाल्यावर दचकली.

तपासण्या झाल्या. उत्तर यायला काही दिवस होते, आणि ते दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. घर पुन्हा जसंच्या तसं झालं होतं. ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी. खुर्चीच्या पाठीवर लोंबता ड्रेस, उजवीकडे पेटलेला दिवा, आणि दारापलीकडे काही नाही. धाकटी गेली त्या दिवशी निदान माणसं तरी होती, कोणी भांडी घासत होतं, कोणी रडत होतं. आता स्वतःच्या हाताने तिने तिला परत पाठवलं होतं. तिला मरणाची भीती वाटत होती, खूप वाटत होती, पण त्या न वाजणाऱ्या दोऱ्याची त्याहून जास्त. ती उशीत तोंड खुपसून ऐकायची. नळ. गल्लीतलं कुत्रं. स्वतःची छाती.

रिपोर्ट यायच्या दिवशी सकाळी तिने आरसा पुन्हा भिंतीकडे फिरवला. करडा ड्रेस झटकून खुर्चीवर ठेवला, सुईत दोरा ओवून सुई टेबलावर डावीकडे टोचली.

"ये," ती म्हणाली. "चुकलं माझं. ये."

६

संध्याकाळी इस्त्रीवाला तिला डॉक्टरांकडे न्यायला येणार होता. दुपारी ती आडवी झाली. मधलं दार अर्धं उघडं होतं.

बराच वेळ काही झालं नाही. मग सर्र.

थोरलीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. या वेळी झोपायचं नाही, तिने ठरवलं होतं. जिभेचं टोक दातांखाली धरून ती जागी राहिली. मग पाय जमिनीवर ठेवले, भिंतीला धरून दारापर्यंत गेली आणि फटीतून बघितलं.

धाकटी बसायची त्या बुटक्या स्टुलावर पाठ करून कोणीतरी बसलं होतं. डोक्याला निळा रुमाल. पुढे झुकलेली मान, आणि दोरा ओढताना वर जाणारं कोपर, डावं. एवढंच दिसत होतं. चेहरा पलीकडे होता आणि थोरलीला तो बघायचं धाडस नव्हतं.

पण तिची नजर शिंप्याची. ती गेली ती कपड्यावर. निळा ड्रेस होता तो, तिने शेवटचा आत घेतलेला, पोचवताना बरोबर बसलेला. आता तो त्या पाठीवर बसत नव्हता. खांद्यावरून ओघळून तो घड्या घड्या होऊन लोंबत होता, बाहीत तर कोपर असेल असं वाटेना. धाकटी गेल्यावरही कमी होतच राहिली होती. आणि इतके दिवस तिचा कपडा आत घ्यायला कोणी नव्हतं.

थोरलीने डोळे मिटून घेतले आणि तोंडावर हात दाबला. पलीकडे दोरा दातांनी तुटल्याचा आवाज आला.

डोळे उघडले तेव्हा स्टूल रिकामं होतं. टेबलावर करडा ड्रेस नीट घडी करून ठेवला होता. तिने तो उचलला आणि उचलतानाच तिला कळलं. टेप लावायची गरज नव्हती, तिच्या बोटांना ते माप पाठ होतं. हा ड्रेस आजच्या मापाचा नव्हता. आजच्या तिला तो घट्ट होणार होता. धाकटीचं जे शेवटचं माप होतं, ज्या मापावर थोरलीची सुई थांबली होती, नेमक्या त्या मापाचा तो शिवला होता. लहान मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात ना, पुढचं माप ओळखून, तसाच. फक्त उलट.

आता रिपोर्टमध्ये काय असेल ते विचारायला कोणाकडे जायची गरज नव्हती.

ती तशीच उभी राहिली. तिला ओरडावंसं वाटलं. कापड टराटरा फाडावंसं वाटलं. आणि मग आठवलं ते हसू. कापड चांगलं आहे हं ताई, इतकं धुतलं तरी सैल पडत नाही. धाकटीला कळलं होतं. पहिल्या गिरकीपासून कळलं होतं. रोज संध्याकाळी ती कपडा अंगावर चढवायची, त्यात आपण किती उरलो ते तिला कळायचं, आणि तरी थोरलीच्या तोंडाकडे बघून ती ते दोन शब्द म्हणायची. थोरलीसाठी म्हणायची. थोरलीला वाटत होतं ती धाकटीला सांभाळतेय.

तिने करडा ड्रेस डोक्यातून घातला. आयुष्यभर ज्याच्यावरून बायकांना झापलं तेच तिने केलं, श्वास रोखून पोट आत ओढलं आणि बाजूचे हुक लावले. शिवणी करकरल्या, पण एक टाका सुटला नाही. गाठ नव्हती, त्यामुळे कुठे टोचलंही नाही.

"बरोबर बसतोय गं," ती म्हणाली.

बाहेरून शटरवर थाप पडली. "टेलरबाई! निघायचं ना? डॉक्टर उठून जातील हो."

"आलेच," थोरलीने आवाज दिला. आवाज नेहमीचाच निघाला, त्याचं तिलाच नवल वाटलं. "तुम्ही व्हा पुढे. एवढं एक माप घेते आणि येते."

"आता कोणाचं माप?"

तिने भिंतीवरचा टेप काढला, दोन्ही हातांत धरला, आणि स्टुलाकडे तोंड करून डोळे मिटले. समोर कापडाची किंचित सळसळ झाली. कोणीतरी उठून उभं राहिलं, लहानपणी राहायचं तसं, हात जरा बाजूला करून. थोरलीने हात पुढे केले आणि अंदाजाने टेप मागून फिरवून पुढे आणला. टोकं जुळायला हवी होती त्याच्या कितीतरी आधी जुळली.

"श्वास रोखू नकोस," ती सवयीने म्हणाली, आणि ऐकत राहिली.